हर-टू : सहा महिने की बारा?

स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली की काही दिवसांनी हाती येणाऱ्या रिपोर्टमध्ये तीन नोंदी निर्णायक असतात : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन संप्रेरकांशी संबंधित आहेत. तिसरीपुढे ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं. तिथे ३+ असेल तर डॉक्टर सांगतात की हा कर्करोग वेगाने वाढणारा आहे, पण त्याच्यावर नेमकं लागू पडणारं औषध उपलब्ध आहे. त्यानंतर खर्चाचं बोलणं निघतं आणि खोलीतली हवा बदलते. औषध किती महिने द्यायचं, कोणाला द्यायचं आणि त्याचे पैसे कोणी भरायचे, या प्रश्नांची उत्तरं जगभरातल्या सरकारांनी, न्यायालयांनी आणि संशोधकांनी गेली वीस वर्षं शोधली आहेत. महाराष्ट्राने आणि भारतानेही आता ती स्पष्टपणे द्यायला हवीत, असं मला वाटतं.

आधी या प्रथिनाकडे पाहू, कारण वादाची दोन्ही टोकं त्याच्यातच आहेत.

हर-टू हा पेशीच्या आवरणात आरपार रोवलेला रिसेप्टर आहे. त्याचं एक टोक पेशीबाहेर असतं आणि दुसरं आत. तो चार जणांच्या कुटुंबातला. उरलेल्या तिघांना बाहेरून एखादा निरोप्या रेणू येऊन चिकटावा लागतो, तेव्हा त्यांचा आकार उघडतो आणि ते जोडी जमवू शकतात. हर-टूला चिकटणारा असा रेणू आजवर सापडलेला नाही. तो मुळातच उघडलेल्या आकारात असतो, कोणत्याही क्षणी जोडी जमवायला तयार. जोडी जमली की आतल्या टोकावर रासायनिक खुणा उमटतात आणि पेशीला आदेश जातात : वाढ, दुभंग, मरू नकोस. निरोगी पेशीत १७व्या गुणसूत्रावर या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर असे हजारो रिसेप्टर असतात. काही गाठींमध्ये या जनुकाच्या प्रती वाढत जातात आणि एकेका पेशीवर रिसेप्टरांची संख्या वीस लाखांपर्यंत पोचते. गर्दीच्या लोकलमध्ये कोणी मुद्दाम न ढकलताही धक्के बसत राहतात, तशा इथे निरोपाशिवायच जोड्या जमत राहतात आणि वाढीचे आदेश थांबत नाहीत. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के या प्रकारचे असतात. भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण नोंदले गेल्याचा अंदाज आहे. त्या प्रमाणात धरलं तर दरवर्षी तीस-पस्तीस हजार स्त्रियांच्या रिपोर्टवर ही नोंद पॉझिटिव्ह असणार.

या शोधाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली गेलेली नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी हे भारतीय संशोधक उंदरांच्या चेतापेशींतल्या कर्करोगावर काम करत होते. कर्करोग घडवणाऱ्या जनुकासोबत पेशीत एक विशिष्ट प्रथिन दिसतं, हे त्यांनी दाखवलं. त्या जनुकाला पुढे ‘न्यू’ हे नाव मिळालं. पाढी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. तोवरची बहुतेक कर्कजनुकं पेशीच्या आत दडलेली प्रथिनं बनवत. या जनुकाचं प्रथिन पेशीच्या बाहेर डोकावत होतं, म्हणजे औषधाला तिथे पोचणं शक्य होतं. १९८५ मध्ये जेनेन्टेक कंपनीतल्या अ‍ॅक्सेल उलरिख यांच्या गटाने त्याचं मानवी रूप शोधलं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन यांनी १८९ गाठी तपासून दाखवलं की ज्या गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, तो रोग लवकर उलटतो आणि त्या स्त्रिया लवकर दगावतात. मग त्या रिसेप्टरच्या बाहेरच्या भागावर जाऊन बसणारी प्रतिपिंडं तयार झाली. ट्रास्टुझुमॅब हे त्यातलं औषध, हर्सेप्टिन या नावाने अमेरिकेत सप्टेंबर १९९८ मध्ये मंजूर झालं.

शरीरभर पसरलेल्या रोगावर त्याचा परिणाम मर्यादित होता, तरी तो खरा होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोसोबत हे औषध दिलेल्या स्त्रियांचं मध्यम आयुर्मान २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांपर्यंत गेलं. खरी उलथापालथ २००५ मध्ये झाली. त्या वर्षी रोग लवकर सापडलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि रोग उलटण्याचं प्रमाण जवळपास अर्ध्यावर आल्याचं दिसलं. पुढे सात चाचण्यांतल्या १३,८६४ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यातून निघालेलं चित्र आजही टिकून आहे : या औषधाने रोग उलटण्याचा आणि त्या रोगाने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. दहा वर्षांच्या हिशेबात शंभरांमागे सहाहून थोड्या अधिक स्त्रियांचे प्राण वाचतात. कर्करोगाच्या औषधांमध्ये इतकी ठोस कामगिरी फार थोड्या औषधांच्या वाट्याला आली आहे.

आता दुसरी बाजू. २००१ च्या त्याच चाचणीत एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. ज्या स्त्रियांना अँथ्रासायक्लिन गटातल्या केमोसोबत ट्रास्टुझुमॅब दिलं होतं, त्यांच्यातल्या २७ टक्क्यांच्या हृदयाचं काम बिघडलं. नुसती ती केमो घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होतं. हे का झालं, याचं उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांत आधीच येऊन बसलेलं होतं. १९९५ मध्ये दाखवलं गेलं होतं की हर-टूचं जनुक काढून टाकलं तर उंदराचा गर्भ जगत नाही, कारण त्याचं हृदय नीट घडत नाही. नंतरच्या प्रयोगांत मोठ्या उंदरांच्या हृदयातून हा रिसेप्टर काढल्यावर त्यांचं हृदय पसरून दुबळं झालं. म्हणजे हृदयाच्या स्नायूंना रोजच्या ताणातून सावरायला हाच रिसेप्टर लागतो. औषधाने तो गाठीत अडवला की हृदयातही अडतो. म्हणून उपचार चालू असताना दर तीन महिन्यांनी हृदयाची इको तपासणी करतात आणि म्हणूनच आता दोन्ही औषधं एकाच वेळी देत नाहीत. बहुतेकींचं हृदय औषध थांबवल्यावर सावरतं. सगळ्यांचं सावरतंच असं नाही.

मग औषध किती काळ द्यावं? रूढ उत्तर बारा महिने, म्हणजे दर तीन आठवड्यांनी एक असे अठरा डोस. पण या बारा महिन्यांमागे प्रयोगशाळेतला कोणताही पुरावा नाही. २००५ च्या चाचण्या आखताना संशोधकांनी एक वर्ष हा मुक्काम ठरवला. हेरा या आंतरराष्ट्रीय चाचणीत एका गटाला दोन वर्षं औषध दिलं आणि २०१३ मध्ये कळलं की दोन वर्षांचा फायदा एका वर्षापेक्षा अधिक नाही. यातून वरची मर्यादा कळली. खालची मर्यादा कुठे आहे, हे शोधण्यात औषध विकणाऱ्याला रस असण्याचं कारण नव्हतं. ते काम सरकारी पैशांवर चालणाऱ्या संशोधकांनी केलं, आणि ते पूर्ण व्हायला बारा-पंधरा वर्षं गेली.

पहिली मोठी ठिणगी फिनलंडमधून पडली. २००६ मध्ये तिथल्या फिनहेर चाचणीत फक्त नऊ आठवडे हे औषध दिलं गेलं आणि निकाल चांगला आला. पण हर-टू पॉझिटिव्ह स्त्रिया त्यात अवघ्या २३२ होत्या. फ्रान्समधल्या फेअर चाचणीने तीन हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये सहा महिने आणि बारा महिने यांची तुलना केली. फरक थोडाच दिसला, पण सहा महिने बारा महिन्यांइतकेच चांगले आहेत हे आखलेल्या कसोटीवर सिद्ध झालं नाही. इटलीतल्या नऊ आठवड्यांच्या चाचणीतही तेच घडलं. मग २०१९ मध्ये इंग्लंडच्या पर्सेफनी चाचणीचा निकाल आला. केंब्रिजच्या हेलेना अर्ल यांच्या नेतृत्वाखाली चार हजारांहून अधिक स्त्रियांचा हा अभ्यास होता. चार वर्षांनंतर रोगाशिवाय जगत असलेल्या स्त्रिया सहा महिन्यांच्या गटात ८९.४ टक्के आणि बारा महिन्यांच्या गटात ८९.८ टक्के निघाल्या. हृदयाच्या तक्रारीमुळे औषध मध्येच थांबवावं लागलं ते बारा महिन्यांच्या गटात ८ टक्के स्त्रियांच्या बाबतीत, सहा महिन्यांच्या गटात ३ टक्क्यांच्या. २०२१ मध्ये अशा पाच चाचण्यांची माहिती एकत्र केली गेली. सहा आणि बारा महिन्यांमधला फरक एका टक्क्याच्या आत राहिला. नऊ आठवड्यांचा पर्याय मात्र कसोटीला उतरला नाही.

नऊ आठवड्यांची गोष्ट इथे थांबून सांगायला हवी, कारण एका देशाने तो निर्णय प्रत्यक्षात घेऊन पाहिला आहे. न्यूझीलंडमध्ये सरकारी पैशाने कोणती औषधं द्यायची हे फार्मॅक ही संस्था ठरवते. तिच्याकडे ठरलेलं अंदाजपत्रक असतं आणि त्यातच तिला भागवावं लागतं. २००७ मध्ये फार्मॅकने फिनहेरच्या आधाराने नऊ आठवड्यांच्या उपचाराला पैसे द्यायचं ठरवलं. स्त्रियांचे गट रस्त्यावर आले आणि न्यायालयातही गेले. एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की पुरेशी सल्लामसलत झालेली नाही. फार्मॅकने पुन्हा विचार केला आणि नऊ आठवड्यांवरच कायम राहिली. त्याच वर्षी निवडणूक झाली. जॉन की यांच्या पक्षाने बारा महिन्यांचं आश्वासन दिलं होतं, आणि सत्तेवर येताच त्यांच्या सरकारने फार्मॅकला वळसा घालून आरोग्य मंत्रालयामार्फत पूर्ण वर्षाचा खर्च दिला. पुढे २०१८ मध्ये सोल्ड ही नऊ आठवड्यांची मोठी चाचणी पूर्ण झाली. तिच्या खर्चात फार्मॅकचाही वाटा होता. पाच वर्षांनंतर नऊ आठवड्यांच्या गटात ८८ टक्के, तर वर्षभराच्या गटात ९०.५ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या.

या कथेतून राजकारण्यांचं शहाणपण आणि तज्ज्ञांचा कोतेपणा असा अर्थ काढणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. फार्मॅकने एक महत्त्वाची गोष्ट केली : आपल्या निर्णयामागचा पुरावा तोकडा आहे हे ओळखून तो वाढवण्यासाठी पैसे दिले. चूक झाली ती निकालाची वाट न पाहता लहानशा अभ्यासावर सगळ्या देशाचं धोरण उभं करण्यात. आज आपल्यासमोर सहा महिन्यांचा जो पर्याय आहे, त्याच्यामागचा पुरावा त्यांच्या नऊ आठवड्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. पण धडा तोच घ्यायचा, की कमी काळ देण्याचा निर्णय घेतलात तर त्याचा परिणाम मोजत राहण्याची जबाबदारीही तुमचीच.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वळणावर उभा आहे. न्यूझीलंडमध्ये वाद होता तो नऊ आठवडे की बारा महिने. आपल्याकडे वर्षानुवर्षं खरा पर्याय होता तो बारा महिने की काहीच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००८ सालच्या रुग्णांचा अभ्यास करून २०११ मध्ये लिहिलं की ज्यांना हे औषध मिळायला हवं होतं, अशा दहांपैकी एकीलाही ते मिळालेलं नव्हतं. ज्यांना मिळालं त्यातल्या बहुतेक जणी औषधाच्या चाचण्यांत सामील झालेल्या होत्या. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या कर्करोग रुग्णालयातलं हे चित्र होतं.

किमतीच्या आघाडीवर नंतर बरंच घडलं. स्त्रियांच्या आणि रुग्णहक्कांच्या संघटनांनी स्वस्त ट्रास्टुझुमॅबसाठी मोहीम चालवली, सक्तीच्या परवान्याची चर्चा झाली. २०१२ मध्ये रोश कंपनीने पुण्याच्या एम्क्युअरशी करार करून तेच औषध वेगळ्या नावाने कमी किमतीत आणलं. २०१३ मध्ये रोशने भारतातल्या पेटंटवरचा दावा सोडला. २०१४ मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉनचं जैवसमान औषध बाजारात आलं; ४४० मिलिग्रॅमच्या एका व्हायलची किंमत सुमारे ५७ हजार रुपये. हिशेब करून पाहा. साठ किलो वजनाच्या स्त्रीला वर्षाचे अठरा डोस द्यायला, काही वाया गेलं नाही तर, अशा पंधरा व्हायल लागतात. साडेआठ लाख रुपये झाले, फक्त या एका औषधाचे. नऊ डोसांना त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. नंतर झायडससह आणखी कंपन्या उतरल्या आणि भाव खाली येत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने पहिल्यांदा मान्यता दिलेलं ट्रास्टुझुमॅबचं जैवसमान औषध बायोकॉन आणि मायलन यांचंच होतं. जगाला हे औषध पुरवणारा देश आपला आहे. ते आपल्या स्त्रियांपर्यंत पोचवणं अवघड ठरावं, याची खंत वाटते.

बारा महिन्यांच्या बाजूने बोलणारे डॉक्टर आणि कार्यकर्ते माझ्या आदराचे आहेत आणि त्यांचे मुद्दे हलके नाहीत. त्यांचा पहिला मुद्दा सर्वांत भक्कम आहे. पर्सेफनीतल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या काखेतल्या लसिकाग्रंथींत रोग पसरलेला नव्हता. आपल्याकडच्या स्त्रिया उशिरा येतात. गाठ मोठी झालेली असते, काखेत पसरलेली असते, कधी त्वचेपर्यंत आलेली असते. इंग्लंडमधल्या स्त्रीवर सिद्ध झालेलं इथे लागू पडेलच असं गृहीत धरता येत नाही. दुसरा मुद्दा त्याच चाचणीच्या पोटातला आहे. ज्या स्त्रियांना केमो संपल्यावर ट्रास्टुझुमॅब दिलं, त्यांच्यात सहा आणि बारा महिन्यांत फरक दिसला नाही. पण केमोसोबतच सुरू केलेल्यांमध्ये, आणि अँथ्रासायक्लिनशिवाय फक्त टॅक्सेन गटातली केमो घेतलेल्यांमध्ये, बारा महिन्यांकडे कल दिसला. आज बहुतेक ठिकाणी केमोसोबतच सुरू करतात. सहा महिन्यांच्या बाजूची ही सर्वांत कच्ची जागा आहे आणि ती झाकून पुढे जाणं मला पटत नाही.

तिसरा मुद्दा न्यायाचा. खाजगी विमा असलेल्या बाईला अठरा डोस आणि सरकारी योजनेतल्या बाईला नऊ, असं झालं तर गरिबांसाठी वेगळं विज्ञान आहे का, हा सवाल कोणीही विचारेल, आणि तो विचारलाच पाहिजे. चौथा मुद्दा अधिक व्यवहारी आहे : सरकारने एकदा सहा महिने पुरेसे मानले की किमती उतरवण्याचा दबाव सैल पडेल. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये काढलेला निष्कर्ष इथे उपयोगी आहे. त्या वेळच्या किमतीला वर्षभराचा उपचार देशाच्या दृष्टीने परवडणारा ठरत नव्हता. किंमत आणखी काही प्रमाणात कमी झाली तर ठरणार होता. म्हणजे डोस कमी करण्याआधी भाव कमी करा, असं म्हणणाऱ्यांच्या हाती आकडे आहेत.

यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याला मी उत्तर देऊ शकतो, पहिल्या दोनांना पूर्ण उत्तर नाही. न्यायाच्या मुद्द्याला उत्तर असं की सहा महिने हा गरिबांचा उपचार ठरू नये, रोगाच्या धोक्यानुसार ठरावा. कमी धोक्याच्या रुग्णाला खाजगी रुग्णालयातही डॉक्टरांनी सहा महिन्यांचा पर्याय समजावून सांगावा. तिच्या हृदयाच्या दृष्टीनेही तो विचारात घेण्याजोगा आहे. ज्या बाईला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, वय साठीच्या पुढे आहे, तिच्या बाबतीत बारा महिन्यांचा अट्टहास कशासाठी? भावाच्या मुद्द्याला उत्तर असं की एकगठ्ठा खरेदी सहा महिन्यांसाठीही तितक्याच जोरात करता येते. शिवाय सगळ्या पात्र स्त्रियांना नऊ डोस मिळायचे असतील, तर आजवर वंचित राहिलेल्यांची भर पडून मागणी वाढेल, घटणार नाही. आणि मोठ्या गिऱ्हाइकालाच भाव करता येतो.

माझ्या लेखी सर्वांत वजनदार गोष्ट आहे ती काहीच न मिळणाऱ्या स्त्रीची. सहा आणि बारा महिन्यांमधला फरक एका टक्क्याच्या आतबाहेर आहे. शून्य आणि सहा महिन्यांमधला फरक त्याच्या अनेक पट आहे. ज्या अंदाजपत्रकात एका स्त्रीचे अठरा डोस बसतात, त्यात दोन स्त्रियांचे नऊ-नऊ डोस बसतात. दुसऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा वाद उपचार मिळणं आणि न मिळणं यांच्यातला आहे. नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून दर तीन आठवड्यांनी मोठ्या शहरात येणाऱ्या कुटुंबाचा हिशेब औषधाच्या किमतीने संपत नाही. बुडालेली मजुरी आहे, सोबत येणाऱ्या माणसाचं तिकीट आहे, मुलांना शेजारी ठेवणं आहे. नऊ फेऱ्या वाचल्या तर उपचार मध्येच सोडण्याचं प्रमाण कमी होईल, असं मानायला जागा आहे. आणि कागदावर अठरा लिहून प्रत्यक्षात सहाव्या-सातव्या डोसाला गळणारी बाई आपल्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

म्हणून माझं मत असं : लवकरच्या टप्प्यात रोग सापडलेल्या प्रत्येक हर-टू पॉझिटिव्ह स्त्रीला नऊ डोसांची हमी सरकारी योजनेने बिनशर्त द्यावी. काखेत रोग पसरलेला असेल, गाठ मोठी असेल किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोनंतरही रोग शिल्लक राहिला असेल, तिथे पूर्ण वर्षाचा खर्च द्यावा, कारण अशा स्त्रियांच्या बाबतीत सहा महिन्यांचा पुरावा पातळ आहे. हा हमीचा तळ आहे. त्याच्या वर जायला डॉक्टरला आणि रुग्णाला कारण दाखवून मुभा असावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं आहे. त्यात शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आणि हे औषध, सगळं बसवायचं असतं. अशा वेळी डोसांची संख्या धोक्यानुसार ठरवणं भाग आहे. पॅकेज संपलं म्हणून अकराव्या डोसाला थांबण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

औषधाच्या आधी एक गोष्ट हवी आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. रिपोर्टवर २+ असं आलं तर उत्तर अनिश्चित असतं. जनुकाच्या प्रती खरोखर वाढल्या आहेत का, हे फिश तपासणीने ठरवावं लागतं. ती वेगळी करावी लागते, वेगळा खर्च येतो आणि अनेक जिल्ह्यांत ती होत नाही. ज्या बाईची फिश झालीच नाही तिच्यासाठी सहा की बारा हा प्रश्न उद्‌भवतच नाही. तीच गोष्ट इकोची. औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर तीन महिन्यांनी हृदय तपासायची सोय नसेल तर हे औषध देणं जोखमीचं आहे. या दोन तपासण्या पॅकेजच्या आत, फुकट आणि जिल्हा पातळीवर मिळायला हव्यात. व्हायलची उधळपट्टीही थांबवता येते. साठ किलोच्या स्त्रीला एका वेळी ३६० मिलिग्रॅम लागतात आणि ४४० च्या व्हायलमधले ८० उरतात. तीन-चार रुग्णांना एकाच दिवशी बोलावलं की हे उरलेलं औषध पुढच्या बाईला जातं. काही रुग्णालयं हे आधीपासून करतात. योजनेने ते सगळीकडे बंधनकारक करावं.

नवी औषधं दारात उभी आहेत. ट्रास्टुझुमॅबलाच केमोचा रेणू जोडून बनवलेलं ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. २०२२ मध्ये त्याच्या चाचणीने दाखवलं की ज्यांच्या रिपोर्टवर १+ किंवा २+ असून फिश निगेटिव्ह आहे, अशा पसरलेल्या रोगाच्या रुग्णांमध्येही ते काम करतं. मध्यम आयुर्मान १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेलं. आजवर हर-टू निगेटिव्ह समजल्या गेलेल्या कितीतरी स्त्रिया यामुळे उपचाराच्या कक्षेत आल्या. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या औषधावरचं सीमाशुल्क माफ झालं. हे स्वागतार्ह आहे. तरीही सरकारी पैशाचा प्राधान्यक्रम विचाराल तर मी आधी लवकर सापडलेल्या रोगासाठी साध्या ट्रास्टुझुमॅबचे नऊ डोस म्हणेन. पसरलेल्या रोगात महिने वाढतात, लवकरच्या रोगात आयुष्यं वाचतात. पसरलेल्या रोगाच्या रुग्णासमोर हे बोलणं किती कठीण आहे, याची मला जाणीव आहे. तिला नाही म्हणणं हा या क्रमाचा अर्थ नव्हे. तिच्यासाठी भावाची लढाई वेगळी आणि तितकीच नेटाने लढावी लागेल.

पहिल्या दोन आक्षेपांना पूर्ण उत्तर नाही, असं वर म्हटलं. ते उत्तर आपल्याच रुग्णांकडून मिळू शकतं. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरातली शेकडो रुग्णालयं जोडलेली आहेत आणि टाटा मेमोरियल तिच्या केंद्रस्थानी आहे. योजनेतून औषध घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीची गाठ केवढी होती, काखेत काय होतं, केमो कोणती, डोस किती, इकोचे आकडे काय आणि पाच वर्षांनी ती कशी आहे, एवढ्या नोंदी ठेवल्या तर न्यूझीलंडने दुसऱ्यांच्या चाचणीत पैसे घालून जे शोधलं, ते आपल्याला आपल्याच स्त्रियांबद्दल समजेल. केमोसोबत सुरू केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात, मोठ्या गाठी असलेल्या भारतीय स्त्रियांचं काय होतं, याची सरळ तुलना करणारी चाचणी याच ग्रिडमध्ये उभी राहू शकते. औषध देशात बनतं, रुग्ण देशात आहेत, डॉक्टर तयार आहेत. निधीची तरतूद आरोग्य खात्याने पुढच्या अंदाजपत्रकात करावी, आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत नऊ डोसांची हमी लागू ठेवावी.